शांतवन गवंड्याच्या टाक्या

(शांतवन गवंड्याच्या घराची ओसरी. ग्रामपंचायत अधिकारी पंकजाताई फाईल मांडीवर घेऊन बसल्या आहेत. शांतवनची बायको एस्तेर दारात तांदूळ निवडतेय.)

पंकजाताई : ...म्हणून फाईल परत आली, काका. तिसऱ्यांदा. शेरा काय मारलाय बघा, 'सर्व टाक्या सुस्थितीत, निधीची आवश्यकता नाही.'

शांतवन : सुस्थितीतच हायेत की. इचारा कुनालाबी.

पंकजाताई : विचारलं ना. तिथंच तर घोळ झाला. बेचाळीस घरं फिरले. संडासची टाकी कशी आहे म्हटलं की जो तो छाती फुगवून सांगतो, शांतवननं बांधलीय, वीस वर्षांत एकदा उपसली नाही. मी तेच लिहून घेतलं. माझ्याही डोक्यात प्रकाश पडला नाही तेव्हा.

शांतवन : मंग खोटं हाय का त्ये?

पंकजाताई : खरं आहे, म्हणूनच तर. टाकी भरतच नाही म्हणजे मैला जातो कुठं?

एस्तेर : सांगा की. इचारत्यात त्या.

शांतवन : तू तांदूळ निवड.

पंकजाताई : विहिरीचं पाणी दोनदा तपासलं. दोन्ही वेळा पिण्यालायक नाही. सगळ्या घरांचं सांडपाणी पाइपानं एका जागी नेऊन शुद्ध करायचं, त्याला सरकार पैसे द्यायला तयार आहे. फक्त या टाक्या निकामी आहेत हे दाखवायचंय. फरशी फोडून कुणी बघू देत नाही. उरलात तुम्ही. सोमवारी प्रस्ताव गेला नाही, तर यंदाचा निधी दुसऱ्या गावाला.

शांतवन : काय लिवून पायजे?

पंकजाताई : टाक्यांना खाली बूड टाकलेलं नाही. एवढंच.

शांतवन : लोकच म्हनायचे, बूड टाकू नको. भरली की उपसायची गाडी कर्जतवरनं आनायची कुनी? मलाबी वाटलं, जिरतंय जमिनीत तर जिरू दे. वंगाळ काम केलं असं कवा वाटलंच न्हाई.

पंकजाताई : तुम्हाला कुणी दोष देत नाहीये.

शांतवन : आज न्हाई देत. कागद वाचल्यावर देतील. ताई, मला जमीन न्हाई, जुमला न्हाई. ह्या गावात माझं हाय काय, तर नाव. लग्नाच्या पंगतीत बसलो तरी पाव्हन्याला सांगत्यात, ह्यो शांतवन, ह्याची टाकी भरत न्हाई. त्येच तुमी खोडायला सांगताय.

एस्तेर : आन् कृपाचं काय?

शांतवन : तिला मधी आनू नगं.

एस्तेर : का न्हाई आनायची? ताई, नात आमची. हितलं पानी पिऊन दोन येळा कावीळ झाली. दुसऱ्या येळंला पोरीच्या जिवावर बेतलं. आमचा ल्योक जोशुआ तिला घेऊन सावेडीला ऱ्हायला गेला, त्यो गेलाच. नाताळाला एकटा आला, संगं पान्याची बाटली. आमच्या म्होरं त्या बाटलीतलं प्याला. लई लागलं जिवाला. ह्यांनाबी लागलं, पन बोलत न्हाईत.

पंकजाताई : राहू द्या मावशी. काका, मी जबरदस्ती नाही करत. तीन वर्षं ही फाईल घेऊन हिंडतेय, मीच दमलेय आता.

शांतवन : आपल्या टाकीपासनं हीर चाळीस पावलं हाय. पोरीला दवाखान्यात ठेवली हुती, तवा मोजली मी.

एस्तेर : म्हंजी तवापासनं ठाव हुतं तुमाला?

शांतवन : व्हय.

एस्तेर : मला बोलला न्हाईत.

शांतवन : काय बोलू? तोंड हुतं का मला? ...ताई, वाचा त्यो कागद.

पंकजाताई : 'मी, शांतवन दाविद पाटोळे, गवंडी, लिहून देतो की सोबतच्या यादीतील बेचाळीस टाक्या मी बांधल्या असून त्यांना तळ नाही.' खाली सही करा.

शांतवन : बेचाळीस न्हाई. त्रेचाळीस लिवा.

पंकजाताई : कुणाचं घर राहिलं?

शांतवन : घर न्हाई. शाळंची टाकी. ती मी फुकट बांधून दिली हुती.