वही म्हणाली, बर्फ पडणार नाही

माझ्या हवामानाच्या वहीची तुम्ही चेष्टा करता, तर तिची अब्रू खरी कशी गेली तेही ऐका.

शारजातल्या आमच्या बाल्कनीत मी थर्मामीटर टांगला होता आणि नऊ वर्षं रोज सकाळी सहाला पारा लिहीत होतो. त्या हिवाळ्यात मोठं वादळ येत होतं. शेजारचा सावंत म्हणाला, "रास अल खैमाच्या डोंगरावर बर्फ पडणार म्हणतात. आईनं जन्मात बर्फ पाहिलेला नाही आणि शुक्रवारी रात्री तिचं विमान आहे. उद्या गुरुवारी पहाटे नेतो तिला."

मी वही उघडली. "नऊ हिवाळ्यांत इथे पारा अठराच्या खाली नाही. डोंगराच्या उंचीचे बारा अंश वजा केले तरी सहा उरतात. पाऊस पडेल. म्हातारीला उगाच भिजवू नकोस."

"तुमची वही म्हणते म्हणजे खलास," असं म्हणत त्यानं जाणं रद्द केलं.

शुक्रवारच्या पेपरात पांढऱ्याशुभ्र डोंगराचा फोटो आला. तो बर्फ गुरुवारी दुपारीच वितळलाही होता. संध्याकाळी सावंतची आई निरोप घ्यायला आली. मी शरमेनं तिला थर्मामीटर दाखवला. ती कठड्यावरून वाकली.

"भाऊ, खाली काय आहे?"

"पठाणाची रोटीची भट्टी."

"पेटते कधी?"

"पहाटे पाचला," मी म्हणालो आणि मीही खाली वाकलो. भट्टीचं धुराडं बरोबर थर्मामीटरखाली होतं. वहीत डोकं घालून बसलेल्या मला ते नऊ वर्षं दिसलं नव्हतं.

म्हातारीनं माझ्या पाठीवर हात ठेवला. "बर्फाचं राहू दे. पठाणाला वही दाखवा, त्याच्या भट्टीची नोंद त्याला उपयोगी पडेल."