लपवण्यासारखं काही नाही

मुलगी : ...पण कारण तरी सांगा ना, मॅडम! संशय असल्याशिवाय कुणाला अडवता येत नाही. वक्तृत्व स्पर्धेत याच विषयावर पहिली आलेय मी.

अधिकारी : अरे वा! पण ते रस्त्यावर, बाळा. इथल्या कायद्याने विमानतळावर आम्हाला संशय लागत नाही. बस की, उभी का?

मुलगी : मग वकील बोलवा.

अधिकारी : येतील. तोवर उत्तरं द्यायचीच. इथे गप्प बसणं हाच गुन्हा. आणि पलीकडच्या खोलीत तुझी आई तोंडाला कुलूप लावून बसलीय. फोनही उघडून देत नाही.

मुलगी : ती? पत्रकार म्हणे, आणि साधा गजर लावता येत नाही! सगळं मीच करून देते.

अधिकारी : मग समजाव तिला. नाहीतर गुन्हा दाखल होईल. तुरुंग आहे यात.

मुलगी : तुरुंग? फोनसाठी?

अधिकारी : मला तरी कुठे हवंय गं? माझीही तुझ्याएवढीच आहे घरी. आता लपवण्यासारखं काही असेल, तर गोष्ट वेगळी.

मुलगी : काही नाहीये! मावशीच्या मांजरांचे फोटो आहेत नुसते. आणा इकडे, माझाही अंगठा चालतो त्याला. तिच्या लक्षातसुद्धा नसेल. ...हं. घ्या!

अधिकारी : शहाणी गं बाई.

(अधिकारी फोन घेऊन जाते. बऱ्याच वेळाने आईला आत सोडतात; फोन परत देत नाहीत.)

मुलगी : आई! सोडलं ना? तू उगाच ताणत बसलीस. मी एका झटक्यात काम केलं!

आई : कसलं काम?

मुलगी : फोन उघडून दिला. माझ्या अंगठ्याने. ...अशी काय बघतेस?

आई : तुझा अंगठा कधी घातलास त्यात?

मुलगी : तू नाही का म्हणालीस, माझे हात पिठाचे आहेत, लेख तेवढा पाठवून दे? तेव्हाच.

आई : हो. मीच म्हणाले.

मुलगी : काय होतं त्यात?

आई : कोठडीत मेलेला तो मुलगा आठवतो? त्याच्या अंगावरचे वळ एका नर्सने पाहिले होते. तिने काढलेले फोटो होते, तिचा आवाज होता. तिचं नाव मी संपादकांनाही सांगितलं नव्हतं.

मुलगी : पण तुला तुरुंगात टाकणार होते गं!

आई : गेले असते मी.

मुलगी : आणि माझं काय?

आई : म्हणून तर त्यांनी तुला विचारलं.

मुलगी : ओरड ना मला.

आई : नाही ओरडत. नाक पूस.

मुलगी : बाहेर पडलो की पहिला फोन तिलाच करू. सावध राहा म्हणावं. नाहीतर लांब कुठेतरी निघून जा म्हणावं. करू ना, आई?

आई : मला तिचा नंबर पाठ नाही गं.