पाचवा मजला आणि एक श्रोता

…आणि वर लोक मलाच विचारतात, "घरबसल्या फोनवर ऐकता येत नाही का हो?" आता यांना काय सांगायचं? मी चष्म्याच्या दुकानात काचा घासतो, लोकांना स्पष्ट दिसावं म्हणून दिवसभर मान मोडतो, पण ही एक गोष्ट मला आजवर कुणाला दाखवता आली नाही. अहो, फोनवर गाणं कानात जातं. समोर वाजलं की बरगड्यांत जातं. तुम्हाला सांगतो, प्रत्यक्ष ऐकायची गोष्टच वेगळी.

बँड म्हटलं की लोकांना गणवेशातले पिपाणीवाले आठवतात. तसला नव्हे. आमच्याच गावातला, चौघांचा, नाव 'पाचवा मजला', कारण चार मजली इमारतीच्या गच्चीवर तालीम करायचे. ड्रम वाजवणारा प्लंबर. गिटारवाला गुरांचा डॉक्टर. बेसवाला, म्हणजे ती जाड तारांची गिटार असते ना, तो पाण्याचे मीटर वाचत फिरतो. आणि गाणारी भूगोलाची बाई, वर्गात दिवसभर ओरडून हिच्या गळ्यात गाणं उरतं कुठून, देव जाणे. गाणी सगळी त्यांची स्वतःची. एक तर बंद पडलेल्या लिफ्टवर आहे. हसू नका, ते ऐकून मी रडलोय.

अठरा वर्षं झाली, एक कार्यक्रम चुकवला नाही. पाय प्लास्टरमध्ये होता तेव्हा रिक्षात आडवा बसून गेलो. सुरुवातीला साठ-सत्तर माणसं असायची, मग चाळीस, मग लोकांची लग्नं झाली, पोरं झाली, गुडघे गेले… गेल्या खेपेला आम्ही सहा होतो, त्यातले दोघं पाऊस थांबेपर्यंत आडोशाला आलेले.

तर या शनिवारी, संध्याकाळी पाचला, वाचनालयाच्या हॉलमध्ये कार्यक्रम. मी निघालो तर बायको दारात चपला घालून उभी. म्हणाली, "चला, बघू तरी एकदा, सवत दिसते कशी." मी म्हटलं, गर्दी असेल गं, लवकर निघू. माणसाला अब्रू असते.

हॉलमध्ये शंभर खुर्च्या मांडलेल्या. माझी छातीच फुगली. तेवढ्यात शिपाई म्हणाला, "खुर्च्या हलवू नका, उद्या रक्तदान शिबिर आहे." पाच वाजले, सव्वापाच झाले. मी, बायको आणि शिपाई. बायको रिकाम्या खुर्च्या मोजत होती, ते जास्त लागतं. म्हटलं आत जाऊन विचारावं, काय उशीर आहे. पडद्याजवळ गेलो आणि आतून आवाज… प्लंबर विचारतोय, "आलाय का तो?" मीटरवाला म्हणतो, "आलाय. बायकोला पण घेऊन आलाय." आणि गुरांचा डॉक्टर अगदी म्हातारी म्हैस बघून बोलावं तसं म्हणाला, "मेलो."

बाईंनी पडदा सारला, समोर मी. बाई खोटं बोलणाऱ्यातल्या नाहीत. म्हणाल्या, "दादा, रागावू नका. चार वर्षांपूर्वीच आम्ही ठरवलं होतं, ज्या दिवशी कुणी येणार नाही त्या दिवशी बंद करायचं. दर खेपेला तुम्ही येता."

अहो, अठरा वर्षं मला वाटत होतं, मी यांना जगवतोय. मी म्हटलं, "वाजवायला आवडत नाही का आता?"

मीटरवाला खाली बघत म्हणाला, "आवडायचं."

त्या एका 'यचं'वर मी संपलो. म्हटलं, जातो मी. मी गेलो की हॉल रिकामा, तुम्ही मोकळे. आणि वळलो. तर बायको पहिल्या रांगेत पदर खोचून बसलेली, तिथूनच म्हणाली, "कुठे निघालात? मी इस्त्रीची साडी नेसून आलेय. एक तरी वाजवू द्या त्यांना." शाळेच्या बाईंनाही ऐकायला लावेल असा आवाज आहे तिचा. चौघं निमूट बाहेर आले.

आणि वाजवलं हो. पहिल्याच ठोक्याला माझा चष्मा नाकावर उडाला. प्लंबर असा तुटून पडला जणू अठरा वर्षांचे तुंबलेले नळ आजच मोकळे करायचेत. लिफ्टच्या गाण्यात डॉक्टरचा सूर चुकला, तो हसला, बाई हसल्या, आणि हसता हसता त्यांनी जो आवाज लावला… शिपाई किल्ल्या हातात घेऊन दारातच राहिला. कुलूप लावायचं विसरला. मी बायकोकडे बघितलं. तिचा पाय ठेका धरत होता आणि डोळे भरलेले. मी हात पुढे केला तर म्हणाली, "गप्प बसा, ऐकू द्या." प्रत्यक्ष ऐकायची गोष्टच वेगळी, मी काय म्हणत होतो इतकी वर्षं?

एक म्हणता म्हणता सात गाणी झाली. चौघं घामाघूम, एकमेकांकडे बघून पोरांसारखे हसतायत. माझ्या आशेला पालवी फुटली. म्हटलं, झालं, आता हे कसले थांबतायत.

बाईंनी मला बाजूला घेऊन माझे दोन्ही हात धरले. म्हणाल्या, "दादा, इतकं चांगलं कधीच जमलं नव्हतं. आता याच्यावर थांबायला हरकत नाही." आणि प्लंबरने ड्रम पाइपांच्या टेम्पोत चढवले. पाच मिनिटांत हॉल रक्तदानाला मोकळा.

घरी येताना बायको चालत चालत गुणगुणत होती. म्हणाली, "पुढचा कधी आहे?" म्हटलं, बघू, कळवतील.

ते 'बघू'च अंगाशी आलं. तिने बहिणीला सांगितलं, बहिणीने जावांना, जावांनी शिवणक्लासच्या सगळ्या बायकांना. शिपाईसुद्धा दुकानात येऊन गेला, त्याला सहकुटुंब यायचंय. काल बायकोने यादी वाचून दाखवली. त्रेपन्न माणसं… आता फक्त बँड तेवढा नाही.