शिवणवाल्या बाईची फाईल

...आणि वर तिला खुर्ची! गादीची! तुम्हाला सांगतो, एकतीस वर्षं मी कोर्टाच्या त्या तळघरात बसतोय, माझ्या खुर्चीचा एक पाय आखूड, त्याखाली कोऱ्या समन्सची घडी घालून बसतो. अर्ज केले, स्मरणपत्रं पाठवली, स्मरणपत्रांचं स्मरण करून देणारी पत्रं पाठवली... आणि ही इतिहासवाली बाई सोमवारी आली, मंगळवारी खुर्ची आली! गोल फिरणारी! आता तळघरात गोल फिरून बघायचं काय? चारी बाजूंना फायलीच की हो! पण मी जळत नाही हं. मी रेकॉर्ड कीपर. आमच्या खोलीत जळायला मनाई आहे, तशी पाटीच आहे दारावर.

झालं काय, राज्याच्या कोर्टांना सव्वाशे वर्षं होणार म्हणून वरच्या मजल्याला एकाएकी इतिहास आठवला. समिती नेमली, ग्रंथ काढायचं ठरलं, प्रदर्शन ठरलं, आणि म्हणे जुनी कागदपत्रं जपायची! जपायची! मग एकतीस वर्षं मी तिथे काय माशा मारत होतो? कसर मारत होतो, वाळवी मारत होतो! पाण्याचा पाइप फुटला तेव्हा गुडघाभर पाण्यात डोक्यावर फायली घेऊन कोण उभा होता? तेव्हा साहेब वरून काय म्हणाले? ‘जिन्यात ओलं करू नका!’

आणि ही बाई? पांढरे हातमोजे घालते. हातात मऊसूत ब्रश. एक एक पान असं उलटते, जसं काही तान्हं बाळ कुशीवर वळवतेय. मी मदतीला गेलो तर म्हणते कशी, ‘काका, हात नका ना लावू... बोटांचा घाम कागद खातो.’ अहो, माझा घाम? एकतीस वर्षं त्या कागदांनी माझा घाम खाल्ला, त्याचं काय? आणि काका! वर सगळे मला ‘तळघर’ म्हणतात, ‘तळघराला विचारा’, ‘तळघर जेवायला गेलंय’, त्यातल्या त्यात हे काका बरं, म्हणजे रागही धड करता येईना! मुख्य न्यायाधीश साहेब तिच्यासाठी पाच वेळा खाली उतरले, पाच वेळा! माझ्या काळात साहेब झाले चौदा, एकालाही आमचा जिना कुठल्या दारामागे आहे ते माहीत नव्हतं. पण मी जळत नाही.

तर एके दिवशी ती विचारते, ‘काका, एक खटला शोधतेय. नव्वद वर्षांपूर्वीचा. वकील न घेता स्वतःची बाजू स्वतः मांडणारी पहिली बाई. शिवणकाम करायची. जुन्या वर्तमानपत्रात दोनच ओळी सापडल्यात. फाईल असेल का हो?’

मी चहाचा कप खाली ठेवला!

असेल का? अहो, ती फाईल माझ्या लोखंडी कपाटात, कोऱ्या फॉर्मच्या गठ्ठ्यांखाली, एका उशीच्या अभ्र्यात होती! बावीस वर्षांपूर्वी नष्ट करायच्या प्रकरणांची यादी आली, तीत हिचा नंबर होता. फाडायच्या आधी सहज पान उघडलं, आणि उभ्याउभ्या सगळी वाचली. यादीवर सही केली, ‘नष्ट केले’. आणि फाईल घातली अभ्र्यात. गुन्हाच तो. पण तुम्ही वाचली असती ना, तुम्हीही घरून अभ्रा आणला असता.

तर बाई विचारतेय, आणि मी काय म्हणावं? ‘बघा शोधून.’

हो, म्हणालो! गोल फिरणारी खुर्ची आहे ना, फिर म्हटलं! अकरा दिवस शोधत होती. रॅकवर चढली, रॅकखाली शिरली, धुळीनं शिंकून शिंकून नाक लाल, डोळे लाल, पण थांबेल तर शपथ. आणि मी आपला आखूड पायाच्या खुर्चीत बसून चहा पितोय. काय गोड लागला हो तो चहा! मी जळत नव्हतो... नुसता शेकत होतो.

घरी बायकोला सांगितलं. मला वाटलं, हसेल. ती म्हणाली, ‘अहो, तुम्ही त्या फायलीचे रखवालदार कमी आणि सासू जास्त आहात!’ आणि मग एकदम, ‘थांबा... म्हणजे माझा तो फुलाफुलांचा अभ्रा तुम्ही नेलात? बावीस वर्षं मी धोब्याला चोर समजतेय!’ दोन दिवस बोलली नाही. आणि बोलली तेव्हा एवढंच म्हणाली, ‘धोब्याची माफी तुम्ही मागायची.’

बाराव्या दिवशी इतिहासवाली आवराआवर करायला लागली. मी सहज, अगदी सहज, तिच्या वहीत डोकावलो. लिहिलं होतं, ‘अभिलेख विभागाच्या हलगर्जीपणामुळे ही फाईल कायमची नाहीशी झाली.’

हलगर्जीपणा! छापणार होती ते! ग्रंथात! म्हणजे दिली तर खोटी सही उघडी पडणार, पेन्शन तोंडावर आलेली. आणि नाही दिली तर पुढची सव्वाशे वर्षं मी हलगर्जी! तुम्हीच सांगा, काय करावं माणसानं?

कपाट उघडलं. अभ्रा तिच्या टेबलावर ठेवला. तिनं मोजे चढवले, दोरी सोडली, आणि वाचायला लागली... मोठ्यानं.

नवरा वारला, आणि दिरानं त्या बाईचं शिवणयंत्र उचलून नेलं. म्हणे भावाचं होतं, आता माझं. न्यायाधीश विचारतात, ‘तुमचा वकील कुठे आहे?’ ती म्हणते, ‘वकिलाला आधी सगळं मलाच सांगावं लागणार, मग तो तुम्हाला सांगणार. त्यापेक्षा मीच तुम्हाला सांगते की!’ ते विचारतात, ‘यंत्र तुमचंच कशावरून?’ ती म्हणते, ‘इथे आणा आणि दिराला म्हणावं, दोरा ओव. ओवला तर न्यावं त्यानं.’ आणलं हो यंत्र कोर्टात! दीर सुई शोधतोय, दोरा चोखतोय, घामाघूम... आणि मग ती बसली, आणि भरकन एक टीप मारून तो तुकडा न्यायाधीशांपुढे ठेवला. तो तुकडा फाईलला जोडलाय. निशाणी सात. चार बोटं निळं कापड, मधून सरळ टीप. नव्वद वर्षांत एक टाका उसवला नाही.

वाचता वाचता इतिहासवाली रडायला लागली. मोज्यांनीच डोळे पुसले तिनं. आणि मला... तुम्हाला म्हणून सांगतो, बाहेर बोलू नका... मला तिचे ते डोळेसुद्धा सहन होईनात. बावीस वर्षं ती शिवणवाली फक्त माझ्याशी बोलत होती हो! जेवणाच्या सुट्टीत, दार लोटून. दिराची फजिती झाली की मी एकटाच हसायचो. आता ही हसणार, ही रडणार, सगळं गाव हसणार. तेव्हा मात्र जळलो. पाटी बिटी विसरून, चांगला ज्वाळा निघेपर्यंत जळलो!

साहेबांनी वर बोलावलं. समोर फाईल, शेजारी बावीस वर्षांपूर्वीची यादी.

‘ही तुमची सही?’

‘माझीच साहेब.’

‘नष्ट केले, असं लिहिलंय.’

‘लिहिलंय साहेब.’

‘मग हे काय आहे?’

‘नीट नष्ट झाली नसेल साहेब.’

साहेबांनी यादी उचलून पुन्हा वाचली. इतिहासवाली मध्ये पडली, ‘सर, यांनी सही पाळली असती तर आपल्याकडे काय उरलं असतं?’ साहेबांनी यादी घडी करून खणात टाकली आणि खण बंद केला. सुटलो! आणि कुणामुळे सुटलो? हिच्यामुळे! म्हणजे आता उपकारही हिचेच! धड जळूसुद्धा देत नाही ही बाई!

प्रदर्शन झालं. फाईल काचेच्या पेटीत, शेजारी सोडवून ठेवलेला तो निळा तुकडा, वर मंद दिवा, आत थंड हवा. लोक रांगा लावून बघतात, बाया आपल्या मुलींना उचलून ती टीप दाखवतात. छान आहे. छानच आहे. मी पाच वेळा रांगेत उभा राहिलो. पण उघडून ठेवलंय एकच पान, तेही निकालाचं! दोऱ्याचं पान आत मिटलेलं! मी पहारेकऱ्याला म्हटलं, जरा एक पान उलटता का? तो म्हणाला, समितीकडे अर्ज करा.

केला हो अर्ज. छापील फॉर्म, तीन प्रती. त्यात एक रकाना होता, ‘मूळ कागद पाहण्याचे कारण’. काय लिहिणार? खूप विचार केला आणि लिहिलं, ‘जुनी ओळख आहे.’

काल उत्तर आलं. शिक्का मारून, गोल. ‘ओळखीचा पुरावा जोडावा.’