दोन चिठ्ठ्यांतला लहान आकडा

आजच्या सभेचे सन्माननीय अध्यक्ष, म्हणजे आपल्या व्यापारी मंडळाचे फर्निचरवाले काका. त्यांच्या उजव्या हाताला बसलेल्या प्रमुख पाहुण्या, दातांच्या डॉक्टरबाई. डाव्या हाताला मंडळाचे खजिनदार बेकरीवाले. समोर बसलेले सर्व दुकानदार बंधुभगिनी. आणि नको नको म्हणत असताना पहिल्या रांगेत आणून बसवलेली आजची सत्कारमूर्ती, माझी धाकटी बहीण.

निरोपाचे चार शब्द मी बोलावेत, अशी मंडळाची आज्ञा झाली. भाऊ म्हणून आणि भागीदार म्हणूनही. नऊ वर्षं तिने वेबसाइट बनवल्या आणि मी त्यांची किंमत सांगितली. कामाची अशी वाटणी असूनही धंदा बुडायला नऊ वर्षं लागली, याचं श्रेय संपूर्णपणे तिचं आहे.

सोमवारपासून ती एका कुरिअर कंपनीच्या गोदामात पार्सलांच्या नोंदी तपासायला जाणार. चांगली नोकरी आहे. पंखा आहे, सुट्टी आहे आणि मुख्य म्हणजे भाऊ नाही.

आमचं ऑफिस आपण सगळ्यांनी पाहिलंय. शिंप्याच्या दुकानावरची दीड खोली. गिऱ्हाईक बाहेरच्या खोलीत बसायचं, सगळं सांगून झालं की विचारायचं, "मग, किती होतील?" त्यावर आम्ही दोघं एकदम उठायचो. मी म्हणायचो, "जरा आत सर्व्हर बघून येतो." आज कबूल करायला हरकत नाही. आत सर्व्हर नव्हता. आत शेगडी होती आणि एक गळका नळ होता. त्या नळापाशी उभं राहून आम्ही दोन चिठ्ठ्यांवर आपापला आकडा लिहायचो. नियम असा की जो आकडा लहान, तो बाहेर सांगायचा. नियम कोणाचा? अर्थात माझा. पहिल्याच गिऱ्हाइकाला हिने चाळीस हजार सांगितले होते आणि ते गृहस्थ चहाचा कप अर्धा टाकून गेले होते. तो अर्धा कप माझ्या मनातून कधी गेलाच नाही.

ती तास मोजायची. किती पानं, किती फोटो, मालकाचं मन किती वेळा बदलणार. बेकरीवाल्यांनी तपकिरी रंग अकरा वेळा बदलून घेतला. शेवटी पहिलाच बरा होता म्हणाले. हसू नका खजिनदार, तिने हिशोबात बारावा बदलही धरून ठेवला होता. मी मात्र काय मोजायचो? गिऱ्हाइकाचा चेहरा. कपाळाला आठी दिसली की माझे पाच हजार उतरायचे. कोणी नुसतं म्हणालं, "चार तर पानं आहेत, माझा पुतण्या फुकटात करून देईल," की मी त्या पुतण्याशी स्पर्धा करायला लागायचो. त्या पुतण्यांच्या वेबसाइटवर अजून 'लवकरच येत आहोत' एवढंच लिहिलेलं आहे, ही गोष्ट वेगळी.

तर तिच्या चिठ्ठीवर चाळीस, माझ्या चिठ्ठीवर बारा. तिचे पस्तीस, माझे दहा. ती म्हणायची, "दादा, तू घाबरून लिहितोस." मी म्हणायचो, "मी व्यवहार बघून लिहितो." भीतीला व्यवहार म्हणण्याची सोय भाषेत आहे, तिचा मी पुरेपूर फायदा घेतला.

आणि मग मागच्या वर्षी आपलं मंडळ आलं. सगळ्या सभासदांची मिळून एक मोठी वेबसाइट. बासष्ट दुकानं. आम्ही आत गेलो, लिहिलं, चिठ्ठ्या उघडल्या. माझ्या चिठ्ठीवर पंधरा. तिच्या चिठ्ठीवर नऊ.

नऊ वर्षांत पहिल्यांदा तिचा आकडा लहान होता. आणि मी काय म्हणालो असेन? मी तिच्या पाठीवर थाप मारून म्हणालो, "आता शहाणी झालीस!" बाहेर येऊन नऊ सांगितले. अध्यक्ष म्हणाले, "अरे, मंडळ म्हणजे आपलं घरच की. सात करून टाक." मी हो म्हणालो. ती तीन महिने बासष्ट दुकानांचे फोटो काढत फिरली आणि चौथ्या महिन्यात तिने गोदामात अर्ज केला.

मुलाखतीत तिला विचारलं, पगाराची अपेक्षा किती? ही म्हणाली, "तुम्ही द्याल ते." त्यांनी दिला. जो सगळ्यांत कमी होता तो. हे तिने मला हसत सांगितलं. मला हसता आलं नाही. ही सवय तिला लावली कोणी, हे ठाऊक असलेला माणूस तिच्यासमोरच बसला होता.

"दादा, पुरे आता."

हो, आटपतोच. पहिल्या रांगेतून सूचना आलेली आहे.

काल दुपारी टेबल आवरताना तिच्या खणात ती मंडळाची चिठ्ठी सापडली. नऊच्या वर काहीतरी खोडलेलं होतं. उजेडात धरलं तेव्हा दिसलं. पंचेचाळीस. आधी तिने पंचेचाळीसच लिहिलं होतं. माझ्या शेजारी, त्या नळापाशी उभं राहून खोडलं होतं. मला तेव्हा दिसलं नाही, कारण मी बाहेरच्या माणसाचा चेहरा आठवत होतो.

आता मंडळाने तिला हे भिंतीवरचं घड्याळ भेट दिलंय. सुंदर आहे. खोक्यावरची किंमत काढायची तेवढी राहून गेलीय. साडेआठ हजार. अध्यक्ष, ओशाळू नका, दोष तुमचा नाही. तिच्या तीन महिन्यांच्या कामाला सात आणि तिच्या जाण्याला साडेआठ. घड्याळाच्या दुकानदाराने आकडा सांगितला आणि तो आपल्या आकड्यावर उभा राहिला, इतकंच.

मी सुधारलो असेन असं कोणाला वाटत असेल, तर आज सकाळचं सांगतो. चष्मेवाले आले होते, ते बघा, मागे बसलेत. वेबसाइट हवीय. मी एकटाच आत गेलो. एकच चिठ्ठी घेतली. त्यावर चाळीस लिहिलं, दोनदा गिरवलं, बाहेर आलो आणि त्यांच्याकडे बघून म्हणालो, "बारा." ते म्हणाले, "आठ." मी हो म्हणालो.

बनवणार कोण, हे मला त्यांना जिना उतरताना बघून आठवलं.

अध्यक्षांनी वेळ दिला, पाहुण्या दवाखाना बंद ठेवून आल्या, आपण सर्वांनी एवढं शांतपणे ऐकून घेतलं, त्याबद्दल मी मनापासून ऋणी आहे. बोलण्यात कमीजास्त झालं असेल तर पोटात घाला. जास्त झालं नसावं. माझ्या हातून नेहमी कमीच होतं.