दार लावायला लागणारा वेळ

बकवास? बकवास म्हनालात तुमी? अवो बसा ना साहेब, उठू नका, तुमची मंडळी आत्ताशी दर्शनाच्या लायनीत लागलीत, ती काय लगेच येत न्हाईत — आज शनिवार न्हाई म्हनून मी बी मोकळाच हाय. खेळा तुमी बिनधास्त, पन बकवास म्हनू नका. तेलाची बाटली देताना तुमच्या मोबाईलवर नजर गेली आन म्हनलं, आरं, हा तर आपला ‘लास्ट लँटर्न’! महायुद्धातला, गुप्तहेरांचा. तो जर्मन साहेबाचा बंगला, ते कुत्रं, ती जिन्याखालची खोली — मला डोळं झाकून पाठ हाय सगळं. हसताय? शिंगणापुरात तेल इकनारा मानूस असला गेम खेळतो म्हनून? हसा, हसा, आमच्याकडं बी नेट येतं. फकस्त त्या फळीला टेकू नका, बाटल्या हालत्यात.

गेम बकवास न्हाई साहेब, खेळनारे बकवास हायेत. मी वाचतो ना समद्यांची मतं, खाली लिहित्यात ती. एक म्हनतो पहारेकरी आंधळे हायेत, गवतात बसलं की नाकासमोरनं जात्यात तरी दिसत न्हाई. त्याच्याच खाली दुसरा म्हनतो, पहारेकऱ्याला पाठीला बी डोळं हायेत. आरं, एक काय ते ठरवा की लेकांनो! एकानं लिहिलंय, लपून लपून कटाळा आला, बंदूक कवा देनार? बंदूक पायजे तर दुसरं काय तरी खेळ ना बाबा, हा चोरपावलानं चालायचा गेम हाय, हितं घाई केली की मेलास. त्याला धीर न्हाई, त्याला अक्कल न्हाई, आन तारे किती देतो? एक. एक तारा देऊन मोकळा. माझं टाळकं फिरतं वाचून. मी एकेकाला उत्तर देतो खाली, चांगलं झाडून काढतो. काय मिळतं म्हंजी? काय मिळायचं? गप बसवत न्हाई, एवढंच.

आन सगळ्यात मोठी बोंब कशाची, म्हाईत हाय? दाराची. खोलीत शिरलं की मागं वळायचं, दार ढकलायचं, कडी सरकवायची — तेवढा येळ लागतो, आन तेवढ्यात पहारेकरी कोपऱ्यावर आला की घाम फुटतो. आरं तीच तर मजा हाय! उघडं दार दिसलं की तो शिट्टी मारतो आन सगळा बंगला जागा हुतो. पन न्हाई, ह्यांना येळ न्हाई. ‘दार लावायला फार वेळ लागतो, काढून टाका.’ ह्यानं लिहिलं, त्यानं लिहिलं, मंग मेंढरावानी सगळ्यांनीच लिहिलं. आन कंपनी बी असली शेळपट, ऐकलं की ह्यांचं! नवा अपडेट काढलाय — आता दारं आपोआप लागत्यात. तुमी टाकलाय न्हाई का? टाकलाय. आन आता जरा बरा झालाय म्हनताय. ... काय? तुमी बी लिहिलं हुतं? दाराचं? तुमी सोता?

वा. वा साहेब. म्हंजी ज्यांना मी शोधतोय ते माझ्याच दुकानात, माझ्याच स्टुलावर बसलेत. न्हाई, बसा, मारत न्हाई मी. पन एक सांगा — तुमचं काय अडलं हुतं? तुमच्या घराला दार हाय ना? हाय. रोज लावताय, उघडताय, कटाळा येतो. माझ्या घराला न्हाई. आमच्या गावात घरांना दाराच्या फळ्याच न्हाईत, बघितलंच असंल तुमी येताना. चौकट हाय, पडदा हाय, कुत्रं येऊ नये म्हनून खाली पत्र्याचा तुकडा आडवा लावतो — संपलं. राखनदार देव हाय आमचा. जलमल्यापासनं ह्या हातांना म्हाईतच न्हाई की आत गेल्यावर मागं वळून काय तरी बंद करायचं असतं. गेममधी बी तसंच. मी आत शिरतो की सरळ पुढं. दार उघडं टाकून. दरयेळी! पहारेकरी येतो, शिट्टी वाजती, आमी धरलो जातो. आमी म्हंजी? दोघांचा असतोय ना गेम, एक बाई एक बापया. माझी जोडीदारीन येती मागनं, दार लावती आन कानात वरडती — ‘अमृत, दार!’

कोन म्हंजी? हाय एक. राहात्याची. तिच्या बापाची पेरूची बाग हाय तिकडं. ... अवो बायकू हाय माझी! झालं समाधान? रुपाली नाव. तिनंच हा गेम माझ्या मोबाईलात टाकला, नवीन लगीन झाल्तं तवा. दुपारी आतल्या खोलीत भिंतीला पाठ लावून बसायचो, दोघांच्या कानात वायरी. घरात मला ‘अवो’ म्हनायची, गेममधी मातुर नाव घेऊन वरडायची. आन त्या बंगल्यात एक दार सोडायची न्हाई. गरज असू नसू, समदी लावायची. कडी सरकली की खट असा आवाज येतो ना — तो ऐकायला परत उघडून परत लावायची. मी म्हनायचो, आगं पहारेकरी येईल. ती म्हनायची, येऊ दे, भाईर राहील.

त्या फळीवरचं कापड वर करू नका साहेब. नुसती फळी हाय ती, बाटल्या ठेवायला.

मंग काय हुनार? आमची आई — ती बघा, पलीकडं रुईच्या पानांचे हार घेऊन बसलीय ती, रतनबाई, जरा हळू बोला — आई काय वाईट न्हाई. पन पडदा सारून येती कवा बी. चुलती येती, शेजारची भागूबाई येती, कोन बी येतं, कुनाला काय वाटत न्हाई, वाटायचं कारनच न्हाई, आमी असेच वाढलो. एक दिवस रुपाली सगळ्यांसमोर म्हनली, मला दार पायजे. आई म्हनली, देवावर भरवसा न्हाई का तुझा? चोराची भीती वाटती? तर ती म्हनली, चोराचं नाव बी काढलं न्हाई मी, लुगडं बदलताना पाठ कुनाकडं करायची, तेवढं सांगा. असं म्हनली! चुलता बसला हुता तिथं. मी काय बोलायचं हुतं? तुमी शिकलेले दिसताय, तुमीच सांगा. पिढ्यान् पिढ्या कुनी लावलं न्हाई, मी लावू? गाव तोंडात शेन घालंल माझ्या. पंचमीला माहेरी गेली ती आली न्हाई. फोन उचलत न्हाई. मेसेज बघती, उत्तर देत न्हाई.

पन गेममधी येती. दुपारी, ह्याच टायमाला. ‘कशी हाईस’ विचारलं की गप. ‘कवा येतीस’ म्हनलं की गप. पन मी दार उघडं टाकलं की — ‘अमृत, दार!’ बास. एवढंच बोलती माझ्याशी. मुद्दाम टाकतो मी उघडं आता. मुद्दाम! आन तुमी लिहिताय, काढून टाका. आपोआप लागाय लागली दारं तर ती काय बोलंल माझ्याशी? सांगा ना! लिहिताना एका मिनटात लिहिलं असंल तुमी, चहा पिता पिता. मी टाकला न्हाई तो अपडेट, टाकनार बी न्हाई. पन जुना आन नवा एकत्र खेळत न्हाईत, आन अपडेट आल्यापासनं ती दिसली न्हाई. टाकला असंल तिनं. तिला काय, तिकडं दारं हायेत. मी आपला रोज लावून बसतोय हे असं, बघा, तिची जागा रिकामी.

काय बघताय वाकून? बिजागरी हाय, व्हय. असत्यात फळीला बिजागऱ्या. कडी बी हाय! हाय तर हाय, तुमाला काय करायचंय? ... भिंगारहून आनली. हितल्या सुताराला सांगितलं असतं तर सांजच्याला गावभर झालं असतं. तो भिंगारचा सुतार म्हनला, हे तर दाराचं माप हाय. म्हनलं, न्हाई, लांब टेबल करायचंय दुकानाला. मंग कडी कशाला म्हनला. म्हनलं, असू दे, तुला काय तरास हाय? गोनपाटात गुंडाळून टेम्पोतनं आनली आन आई समोर आली. म्हनली, काय आनलंस? म्हनलं, बाटल्या ठेवायला. तवापासनं बाटल्याच ठेवतोय. हसू नका. हसलात तर खरंच उठवंन.

थांबा. बोलू नका, बोलू नका — आली. अवो आली ती! हे बघा, बंगल्याच्या फाटकाशी उभी हाय. म्हंजी तिनं बी टाकला न्हाई. तिनं बी... गप बसा जरा, माईक चालू हाय. — हां, ऐकतोय. हाय मी. दुकानात हाय. न्हाई, कोन न्हाई, गिऱ्हाईक हाय एक. — साहेब, कडीशी खेळू नका, हात काढा म्हनतो ना, ती —

वाजवलीत ना! सांगत हुतो मी, सांगत हुतो — काय? काय म्हनलीस?

न्हाई. आपन अजून फाटकातच हावोत. कडीचा आवाज गेममधला न्हाई.

हितला. ... आगं हितलाच. ... व्हय, दार. लाकडाचंच. ... रुपाली? ... रडू नको ना.

साहेब, उठा. ह्या बाटल्या घ्या, खाली ठेवा, कुठं बी ठेवा, सांडल्या तर सांडू द्या, फळी मोकळी करायचीय मला. काय, आई बघतीय? बघू दे. तुमी जावा आता. जावा म्हनतो ना.