मगरीने नेलेली होडी

कल्याणच्या बंदरावर तरीची वाट पाहत होतो. मागे, काखेत वळकटी धरलेला एक कारकून एका कोळ्याला सांगत होता :

“पोपटदादा, सांगितलं तर कुणाचा विश्वास बसणार नाही!”

“विश्वासाचं मागाहून बघू, विश्रामराव. माझी होडी कुठं हाय?”

“तेच सांगतोय. आम्ही चौघे मित्र डोंबिवलीच्या काठाला उतरलो. धोतरांचा तंबू उभारला, चुलीवर पिठलं रटरटत होतं…”

“पाणी फिरायला लागलंय. मला जाळं टाकायला जायाचंय. होडी?”

“तेवढ्यात मगर आली! तुमच्या होडीहून लांब.”

“पिठलं खायाला?”

“थट्टा नको हो. आम्ही चौघेही झाडावर, एकाच फांदीवर. मगरीने खूप वेळ वर पाहिलं, मग कंटाळून होडीकडे वळली.”

“होडी बांधली व्हती ना? पुनवेची भरती मोठी, म्हणून निघताना चारदा बजावलं व्हतं.”

“बाभळीला, तीन गाठी मारून! पण तिने बाभूळच मुळासकट उपटली. होडी, दोर, बाभूळ, सगळं घेऊन मुंब्र्याकडे गेली.”

“दोरपण नेला?”

“वीतभरसुद्धा मागे ठेवला नाही. देवाशपथ!”

“मग विश्रामराव, ही वळकटी कशानं बांधलीत? या दोराच्या टोकाची गाठ माझ्या हातची हाय.”